शेवंताचा उजवा पाय

सकाळी फिरायला गेले की मी माणसांच्या तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त बघते. नातू बरोबर असला की तो लाजतो. परवा बागेत एका अनोळखी गृहस्थांना मी सहज विचारलं, "डाव्या गुडघ्याला काय झालंय?" ते चपापलेच. घरच्यांपासूनही त्यांनी ते लपवून ठेवलं होतं म्हणे. नातू घरी येऊन सुनेला सांगत होता, "आजी रस्त्यावरच्या लोकांना तपासते." जन्मभर जनावरांची डॉक्टरकी केल्यावर दुसरं काय होणार? जित्याची खोड आहे ती. पण ही खोड मला कॉलेजात लागलेली नाही. ती लागली भिंगारला, आमच्या स्वयंपाकघरात, एका पाटीवर आणि दुधाच्या खरवडीवरून झालेल्या भांडणांत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भिंगारच्या छावणीत घोड्यांच्या दवाखान्यात कारकून होते. आमच्या घराण्यात आजवर कोणी पोथी सोडून दुसरं काही हाताळलेलं नव्हतं. अण्णांनी पोथीऐवजी रजिस्टर हाताळलं एवढाच फरक. कुठला घोडा कधी लंगडला, कुणाला कसला खुराक चालू आहे, कुणाचा नाल कधी बदलला, सगळं त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं असे. आणि गंमत अशी की हा माणूस घोड्यांना घाबरायचा. इतकी वर्षं घोड्यांचे कागद सांभाळले, पण एकाही घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता. टांग्यात बसायची वेळ आली तर मागच्या बाजूला, घोड्याकडे पाठ करून बसत. पहाटे छावणीतला बिगूल वाजला की आई चूल पेटवायची, अण्णा सोवळं नेसून संध्या करायचे, आणि खिडकीतून लिदीचा नि ओल्या गवताचा वास आत यायचा. आई नाक मुरडायची. मला तो वास फार आवडायचा, अजून आवडतो.

शनिवारी दुपारच्या एसटीने पुण्याचं वर्तमानपत्र यायचं. त्यात आतल्या पानावर रविवारच्या शर्यतींचे घोडे छापलेले असत. अण्णा जेवण झाल्यावर भिंतीला टेकून बसत, चष्मा लावत आणि मला म्हणत, "वाच." मग मी घोड्याचं नाव, मागच्या तीन शर्यतींत तो कितवा आला, किती वजन घेऊन पळाला, पल्ला केवढा होता, जमीन कोरडी होती की ओली, असं एकेक वाचायची आणि अण्णा डोळे मिटून ऐकायचे. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेल्या पाटीवर प्रत्येकाने आपापली पसंती लिहायची. निकाल सोमवारच्या अंकात. ज्याचा घोडा पहिला, त्याला त्या दिवशीच्या दुधाच्या पातेल्याची खरवड, वर साखर भुरभुरून. पैशाचं नाव घरात निघत नसे. अण्णा म्हणायचे, "पैसा लावला की माणसाला घोडा दिसत नाही." शेजारच्या लोकांना वाटायचं अण्णा मला व्यवहारी गणित शिकवतात. तसं ते खोटंही नव्हतं.

अण्णांची पद्धत एकच, मागचं वाचायचं. "आज तो कसा दिसतो हे कुणीही सांगेल. मागच्या वेळेपासून आजपर्यंत काय बदललं ते शोध," हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. वजन वाढलं का? पल्ला लांबला का? ओल्या जमिनीवर जिंकलेला घोडा कोरड्यावर घातलाय का? माझा धाकटा भाऊ सुधाकर मात्र ज्याचं नाव म्हणायला मजा येईल तो घोडा घ्यायचा आणि वर्षात एकदाही जिंकायचा नाही. आई पोळ्या लाटता लाटता एखादं नाव सांगून टाकायची आणि खरवड बऱ्याचदा तीच खायची. अण्णांना ते सहन व्हायचं नाही. एकदा त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी काही बघत नाही हो. मागच्या खेपेला जो दुसरा आला असेल तो घेते. पहिला आलेला फुशारतो, तिसऱ्याला वाटतं चाललंय ते बरं आहे. दुसरा आलेला चिडलेला असतो." पुढच्या शनिवारी अण्णांनीही हळूच दुसरा आलेला घोडा लिहिला आणि तो नेमका शेवटून दुसरा आला. आई आठवडाभर हसत होती.

कागदावरचा घोडा अण्णांनी शिकवला आणि खरा घोडा दगडूमामांनी. दगडूमामा टांगेवाले. भिंगारहून नगरच्या शाळेत आम्हा मुलींना त्यांच्याच टांग्याने जायचं असे. शेवंता त्यांची घोडी, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा. मी कायम पुढे मामांच्या शेजारी बसायची. ते घोड्यांवर बोलायला लागले की शाळा आली तरी थांबायचे नाहीत. "कुसुमताई, घोडं उभं ऱ्हायल्यावं बघू नगा. उभं सगळीच देखनी दिसत्यात. चालतं करून बघा, मंग दुडकं करून बघा. मान कशी हालती, कान कुठं ऱ्हात्यात, घाम कुठनं फुटतो, समदं बघा. आन् डोळं मिटून आवाज आइका. घोडं त्वांडानं बोलत न्हाई, पायानं बोलतं." जत्रेत दरवर्षी माळावर टांग्यांची शर्यत व्हायची. जिंकलेल्या टांग्यात देवाची काठी ठेवून गावातून मिरवायची, असा मान होता. दगडूमामांना तो मान सलग दोन वर्षं मिळाला होता. अण्णांची पद्धत आणि मामांचं बघणं एकत्र करून मीही दोन वर्षं शर्यतीचा निकाल आधी बरोबर सांगितला होता. तेव्हापासून भिंगारच्या बाजारात बायकासुद्धा मला विचारायच्या, "यंदा कुनाचा टांगा गं?" माझी मान जरा ताठच झाली होती, खोटं कशाला सांगू.

मी सांगते आहे त्या वर्षी माझी इंटर सायन्सची परीक्षा झाली होती आणि घरात दोन फॉर्म येऊन पडले होते. एक बी.एस्सी.चा, म्हणजे पुढे बी.एड. आणि मुलींच्या शाळेत नोकरी. तो अण्णांनी आणला होता. दुसरा लांबच्या गावच्या, जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजचा. तो मी मैत्रिणीच्या भावाकडून मागवला होता. अण्णांची त्यावर सही हवी होती. ते रागावले नाहीत, तेच वाईट झालं. रागावले असते तर मला भांडता आलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "कुसुम, कागदावर घोडा ओळखणं वेगळं आणि त्याच्या पायाशी बसणं वेगळं. तुझा अंदाज चुकला तर इथे खरवड जाते. तिथे जनावर जाईल. ते तुला सोसेल का?" फॉर्म त्यांनी पाटीमागे खोचून ठेवला. मुदत संपायला दहा दिवस होते. येता जाता माझी नजर त्या पाटीकडे जायची आणि आई मुकाट्याने माझ्या ताटात एखादी जास्तीची शेंगदाण्याची वडी टाकायची.

आणि त्यातच जत्रा आली. शर्यतीच्या दिवशी सकाळी मी माळावर गेले. हलवायांच्या भट्ट्या पेटल्या होत्या, रेवड्यांचे ढीग लागले होते, पिपाण्यांनी कान किटले होते. टांगे सजत होते. घोड्यांच्या आयाळीत गोंडे, खुरांना हळद, पायांना लाल पट्ट्या. श्रीगोंद्याकडच्या एका बागायतदाराचा सर्जा नावाचा पांढरा घोडा यंदा शेवंताच्या तोडीस तोड होता. दगडूमामा शेवंताला दुडकी चालवत आणत होते. मी बघत होते. प्रत्येक दोन पावलांना तिची मान किंचित खाली जात होती. अगदी किंचित. लोक गोंडे बघत होते, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. मामा तिच्या पुढे चालत होते, त्यांनाही दिसलं नाही. मान खाली जायची तेव्हा डावा पाय टेकलेला असायचा. मी दोनदा, तीनदा बघून खात्री केली आणि मामांना सांगितलं, "मामा, हिचा पुढचा डावा दुखतोय. पळवू नका."

मामांचा चेहरा उतरला. पण माझ्या शब्दाला त्यांनी मान दिला. विठोबा नालबंदाला तिथेच बोलावलं. त्याने पट्टी सोडली, डावा नाल काढला, खूर खरवडला, दाबला, हातोडीने ठोकून बघितला. शेवंता आरामात गवत चघळत उभी. काही नव्हतं. पाय दगडासारखा घट्ट होता. विठोबा माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यो पाय माज्यापरीस चांगला हाय." सभोवती जमलेले लोक हसले. श्रीगोंद्याचे बागायतदार मिशीवर ताव देत म्हणाले, "सर्जाला भिऊन आधीच पाय दुखायला लागला का काय?" मामांनी नाल पुन्हा ठोकून घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुसुमताई, आता घरी जावा." इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. मी त्या माळावरून घरापर्यंत कशी आले ते मला आजही आठवत नाही.

घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. अण्णांना बातमी आधीच कळली होती, भिंगार ते केवढं. आईने बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं पुढ्यात ठेवलं, पण मी नुसती भाकरी कुस्करत बसले. पाटीमागचा फॉर्म तिथूनही दिसत होता. मी मनातल्या मनात त्याचे तुकडे करत होते. आई आडाकडून पाण्याची घागर घेऊन येत होती. तिच्या उजव्या तळपायाला कुरूप झालं होतं, महिनाभर ती त्यावर बिब्बा लावत होती. ती लंगडत अंगण ओलांडत होती आणि मी शून्य नजरेने तिच्याकडे बघत होते. आणि मग मला दिसलं. दुखरा उजवा पाय टेकला की ती अंग उचलून धरायची. चांगला डावा टेकला की सगळा भार त्यावर सोडायची, आणि तिचा खांदा खाली जायचा. खाली जायचा तो डाव्यावर. दुखत होता उजवा.

"आई, परत चाल."

"काय?"

"घागर ठेव आणि परत चालून दाखव."

आई मला वेड लागलं की काय अशा नजरेने बघत अंगणात एक फेरी मारून आली. मी भाकरी तशीच टाकून उठले. घोडी मान टाकत होती ती चांगल्या पायावर. मी बघितलं होतं ते बरोबर होतं, लावलेला अर्थ उलटा होता. पुढे कॉलेजात पहिल्याच वर्षी आमच्या सरांनी ही गोष्ट शिकवली आणि म्हणाले, नवशिके इथे हमखास चुकतात. वर्गात सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी लिहून घेतलं नाही.

शर्यतीला दीड तास होता. मी चपला घालत होते तेव्हा अण्णा दारात आले. छत्री घेतली आणि म्हणाले, "चल." वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लोकांसमोर आधी चूक कबूल करायची. मग पुढचं बोलायचं. जमेल?" मी मान हलवली. जमेल असं मला मुळीच वाटत नव्हतं. माळावर आता पाय ठेवायला जागा नव्हती. शेवंताला टांग्याला जोडत होते. मी मामांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि जेवढा आवाज निघाला तेवढ्यात म्हणाले, "मामा, मी सकाळी चुकले. डावा पाय चांगलाच आहे. दुखतोय तो उजवा."

आजूबाजूला हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "आता मागचं दोन ऱ्हायलं." मामांनी हातातला पट्टा खाली टाकला. "बास झालं, कुसुमताई. सकाळी तुमच्यामुळं माजी शोभा झाली. तिसऱ्या सालचा मान हाय माजा. उद्या म्हंशीला शिंगं न्हाईत म्हनशीला." आणि ते तोंड फिरवून चालू लागले. तेवढ्यात अण्णा पुढे झाले. कचेरीत एखादा कागद अडला की ते जसं बोलायचे तसंच ते बोलले. "दगडूराव, एकच विचारतो. मागच्या आठवड्यात घोडी धड होती. तेव्हापासून आजपर्यंत काय बदललं?"

मामा थांबले. "काय बदलनार? खुराक त्योच. काम तेच." मग म्हणाले, "मंगळवारी नवं नाल मारलं."

"मग उजवा उघडून बघायला काय जातं? चुकलो तर मी इथे सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."

विठोबा नालबंद भडकला. नाल त्याने मारले होते, आणि हा त्याच्या हातावर आरोप होता. मामा ना हो म्हणेनात ना नाही. गर्दीने शेवंता बिथरली होती, मान झटकत होती, आणि तिला कुणी धरत नव्हतं. तेव्हा अण्णांनी छत्री माझ्याकडे दिली आणि तिचा लगाम धरला. माझ्या अण्णांनी. त्यांच्या कपाळावर घाम होता, डोळे घट्ट मिटलेले होते. त्यांनी दुसरा हात तिच्या मानेवर ठेवला आणि मला वाटतं ते काहीतरी स्तोत्र पुटपुटत होते. घोडी हळूहळू शांत उभी राहिली. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जेवढं प्रेम वाटलं तेवढं नंतर कधी वाटलं नाही, आणि ते मी त्यांना कधी सांगितलंही नाही.

मामांनी विठोबाला नुसती खूण केली. विठोबाने उजवा पाय मांडीवर घेतला आणि हातोडीने एकेक खिळा ठोकून बघू लागला. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. बाहेरच्या बाजूच्या तिसऱ्या खिळ्यावर हातोडी टेकली मात्र, शेवंताने पाय हिसकला आणि अण्णा लगामासकट दोन पावलं ओढले गेले. पण लगाम त्यांनी सोडला नाही. विठोबाचा चेहरा पडला. त्याने सांडशीने तो खिळा उपसला. टोक ओलं होतं, काळपट. खिळा जिव्हाळीला, खुराच्या आतल्या जिवंत मांसाला, लागला होता. विठोबाने तो तळहातावर धरून मामांना दाखवला आणि म्हणाला, "माजी चूक हाय, दगडू." त्या माणसालाही कबूल करणं जमलं, हे मला आज जास्त मोठं वाटतं.

मामा शेवंताच्या पायाशी बसले. शर्यतीला पळवली असती तर पू वर चढला असता, कदाचित पाय कायमचा गेला असता. त्यांनी तिचा तो पाय दोन्ही हातांत धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मान जाऊ दे, पोरी. पाय ऱ्हायला." त्या वर्षी काठी सर्जाच्या टांग्यातून मिरवली. श्रीगोंद्याच्या बागायतदारांनी देवळासमोर टांगा थांबवून काठीचं दर्शन आधी दगडूमामांना घ्यायला लावलं. नंतर आम्ही मीठ घातलेल्या कोमट पाण्यात शेवंताचा पाय शेकत बसलो होतो, तिथे ते स्वतः रेवड्यांचा पुडा घेऊन आले. पंधरा दिवस मी रोज जवसाचं पोटीस बांधायला जात होते. शेवंता बरी झाली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिने भिंगारच्या मुली शाळेत पोचवल्या.

जत्रेनंतरच्या शनिवारी नेहमीसारखं वर्तमानपत्र आलं. जेवणं झाली. मी वाचायला बसले तर अण्णा म्हणाले, "आज पुण्याची शर्यत नको." त्यांनी उठून पाटी पुसली आणि आपल्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहायला लागले. "नाव: कुसुम. मागची कामगिरी: आधी चुकली, मग स्वतःची चूक स्वतः शोधली. वजन: हलकं. पल्ला: लांबचा. जमीन: अनोळखी." खाली रेघ मारली आणि लिहिलं, "माझी पसंती: हीच." मग पाटीमागचा फॉर्म काढला आणि खिशातलं पेन उघडून सही केली. सुधाकरला काहीच कळलं नाही. तो विचारत होता, हा घोडा कुठल्या शर्यतीत आहे?

आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिथूनच तिने विचारलं, "मागच्या खेपेला कितवी आली म्हणायची ही?"

अण्णांनी जरा विचार केला. "जत्रेत पहिला मान सर्जाच्या धन्याला मिळाला. त्याच्या पाठोपाठ हिला धरायची. दुसरी."

"मग माझीही हीच," आई म्हणाली. तिने दुधाचं पातेलं उतरवलं, वर चिमूटभर साखर टाकली आणि चमचा घालून माझ्यापुढे सरकवलं. मी म्हटलं, "अगं, निकाल लागायचाय अजून."

"तो लागायला पाच वर्षं लागतील," आई म्हणाली. "तोवर खरवड कोण ठेवतंय? खा."